‘सर्व्हायव्हलिस्ट’ गोष्टीला मराठीत काय म्हणायचं? (शब्दचर्चा : तगणे, काढणे, बेगमी)

कृष्णाकाठ :
सांगलीत आमचा दहा-बारा जणांचा कथावाचनाचा गट आहे. पुढच्या बैठकीत मला ‘सर्व्हायव्हलिस्ट फिक्शन’वर टिपण वाचायचंय. युद्ध, साथ, पूर, नाहीतर वीज कायमची गेलेली. रोजची घडी मोडली आणि माणसं साठवलेल्या शिध्यावर, हातातल्या कसबावर जगून राहतात, अशा गोष्टी. त्यातही माझा रोख साध्या माणसांच्या गोष्टींवर आहे. नायक निवृत्त कमांडो नाही; पोस्टातला कारकून आहे, शिवणकाम करणारी बाई आहे.
शब्दाशी अडलंय. ‘अस्तित्वकथा’ म्हणावं तर सार्त्र आणि कामू हे अस्तित्ववादी लेखक दारात येऊन उभे राहतात. ‘उत्तरजीविता’ हा शब्द सापडला, तो ऐकून गटातल्या एक काकू म्हणाल्या, “हे पोटाच्या औषधाचं नाव वाटतंय.” सध्या ‘तगकथा’वर मन आहे. चालेल?

पासबुक :
‘उत्तरजीवी’ सोडाच. जोडखात्याच्या फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असतं, त्यासाठी तो शब्द वापरतात. त्याचा अर्थ एवढाच की दुसरा खातेदार गेला आणि हा मागे राहिला. यात धडपड कुठाय?

माणदेशी :
ताई, तगणं आमच्याकडं पिकाचं असतं. पाऊस लांबला तरी बाजरी तगली, डाळिंबाची रोपं टँकरच्या पाण्यावर तगवली. माणसाला लावलं तर तो अंथरुणाला खिळलेला असणार : “म्हातारा एवढी थंडी तगंल का?” म्हणजे तगण्यात दम आहे, पण हालचाल नाही. एका जागी उभं राहून सोसायचं.
माझ्या आजीनं १९७२चा दुष्काळ बघितला. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची, ती निम्मी खायची आणि निम्मी पदराच्या गाठीत बांधून धाकट्यासाठी आणायची. घरात लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी. हे सगळं तिनं शंभरदा सांगितलंय, पण “आम्ही तगलो” किंवा “आम्ही वाचलो” असं एकदाही नाही. तिची दोन वाक्यं ठरलेली : “दुष्काळ काढला” आणि “जनावरं जगवली”.
या ‘काढणे’कडं जरा बघा. दिवस काढतात, रात्र काढतात, उन्हाळा काढतात. शिवाय सासूचं आजारपण काढतात, लेकीचं बाळंतपण काढतात. म्हणजे दुसऱ्याचं दुखणंसुद्धा आपणच ‘काढायचं’. आणि ‘जगवणे’ तर सरळ प्रयोजक क्रियापद, त्यात दुसरा जीव हवाच. २०१२-१३ला माण-खटावात चारा छावण्या होत्या, तेव्हा माणसं जनावरांबरोबर छावणीतच राहिली. तेव्हाही विचारायचं ते असंच : “किती जगवली?”

हरिपूरकर :
माणदेशींचं पटलं, पण सर्व्हायव्हलिस्ट माणूस संकट यायच्या आधी कामाला लागतो. त्याला आपल्याकडं ‘बेगमी’ आहे की. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी. मूळ फारसी : ‘बे’ म्हणजे विना, ‘गम’ म्हणजे चिंता. घरात शेणींचा हुडवा रचलाय, मीठ-मिरची-डाळ भरलीय, आता घोर नाही, ती बेगमी. सामानाला सामानाचं नाव न देता मनाच्या अवस्थेचं नाव दिलंय! साठेबाजी वेगळी, तिच्यात भाव वाढायची वाट बघणं असतं.
साठवणीचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावची पेवं आठवा. हळद जमिनीच्या पोटात ठेवायची, वर्षानुवर्षं. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून जातो. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. ‘पेव फुटलं’ हा वाक्प्रचार आज क्लासेसना आणि मोबाईलच्या दुकानांना लावतात. लावणाऱ्यांतल्या किती जणांनी पेव बघितलंय कुणास ठाऊक.
माझं मत ‘बेगमीकथा’.

कोयनाखोरं :
विरोध. ‘बेगमीकथा’ म्हटलं की वाचकाला पापड आणि सांडगे दिसणार. तिकडच्या गोष्टीत तळघर असतं, बंदूक असते, कुंपण असतं आणि पहिला धोका म्हणजे शेजारी. घरात डबे किती आहेत हे त्याला कळू द्यायचं नाही. याला ‘बे-गम’ म्हणायचं? त्या माणसाच्या डोक्यात गमच गम आहे. परक्या मालाला घरचं लेबल लावू नका, ‘सर्व्हायव्हलिस्ट’च ठेवा.

कृष्णाकाठ :
कोयनाखोरं, मुद्दा बरोबर आहे. इंग्रजीत सर्व्हायव्हर म्हणजे वाचलेला, सर्व्हायव्हलिस्ट म्हणजे आधीपासून तयारीत बसलेला. हा दुसरा शब्द अमेरिकेत १९७०च्या दशकात रुळला. अणुयुद्धाची धास्ती आधीपासून होती, त्यात १९७३चं तेलसंकट आणि महागाई. त्या भीतीचा वास शब्दाला आहे, तो मराठीत आणताना पुसता कामा नये.
पण मला ज्या साध्या माणसांच्या गोष्टी हव्यात, त्यांचं काय? २०१९च्या ऑगस्टात, महापुरात, आम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मोबाईल बंद पडल्यावर “आयर्विनला किती?” हे विचारायचं कुणाला? मग जिन्यात खडूनं रेघा मारून पायऱ्या मोजायचो. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, त्या तांदळाचा डबा आणि लोणच्याची बरणी घेऊनच. त्या डब्यावर तीन घरं जेवली. त्या अजून सांगतात, “पाच दिस काढले की वो पोरींकडं.” ‘पोरींकडं’ हा शब्द त्या कधी गाळत नाहीत.

हरिपूरकर :
२००५च्या पुरात आमच्या कित्येक पेवांत पाणी शिरलं. बेगमीच बुडाली. तेव्हा माझं मत मी निम्मं मागं घेतो.

माणदेशी :
आणि त्या पूरपट्ट्यात लोकांना गुळाच्या काहिलीत बसवून पाण्यातून बाहेर आणायचे, त्याची गोष्ट कुणी लिहिलीय का? आजवर गूळ उकळलेल्या भांड्यात आख्खं घर बसलंय, आणि दोघं पोहत ते ढकलतायत.

कृष्णाकाठ :
ठरलं तर. बंदूक-तळघराच्या प्रकाराला टिपणात ‘सर्व्हायव्हलिस्ट कथा’च म्हणते. साध्या माणसांच्या विभागाला मथळा देते ‘काढलेले दिवस’. काकूंना विचारलं, त्यांना औषध आठवलं नाही. ‘तगकथा’ मजकुरात एखाद्या ठिकाणी येईल, पिकाचा संदर्भ देऊन.
एक राहिलंच. मी ‘तग धरला’ लिहिते, गटातल्या दोघी ‘तग धरली’ म्हणतात. तुमच्याकडं काय म्हणतात?

माणदेशी :
आमच्याकडं बाजरी तग धरती. तग कोण आहे, बाई का बुवा, ते कुणी विचारलं नव्हतं. उद्या बाजाराला जाणार आहे, कान देऊन ऐकतो.