मॉस बॉल तपकिरी पडतायत, नागपूरच्या उन्हाळ्यात वाचतील का?

गप्पीवाली_नागपूर
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत तीन मॉस बॉल आणले, म्हणजे माशांच्या टँकमध्ये ठेवतात ते हिरवे मऊ गोळे, लिंबाएवढे, चाळीस लिटरचा टँक आहे, त्यात गप्पी आणि दोन छोटे गोल्डफिश. दोन-अडीच महिने मस्त हिरवेगार होते पण मे लागला आणि एकाची एक बाजू तपकिरी झाली, दुसरा सारखा वर तरंगतो, तिसऱ्याला तर वासच येतोय. टँक खिडकीपाशी आहे, सकाळी दहापर्यंत ऊन येतं, मला वाटलं झाडच आहे तर ऊन हवंच ना. दर रविवारी पाव पाणी बदलते, अँटीक्लोरीन टाकते. लेकीने तिघांना नावं दिलीयत, सकाळी उठली की आधी तिकडेच धावते. काय करू सांगा प्लीज.

काचेतलं_तळं
ताई, आधी टँक खिडकीपासून हलवा. हे मॉस नाहीच, शेवाळ आहे, बारीक धाग्यांचा गुंता, आत मूळ-खोड काही नसतं. थंड तळ्यात खोलवर अंधुक उजेडात वाढतं, त्यामुळे थेट ऊन सोसत नाही. पाणी 25 डिग्रीच्या खाली राहिलं तर खूश, आणि नागपुरात मे महिन्यात टँकचं पाणी सहज 32 च्या वर जातं. थर्मामीटर लावून बघा एकदा.
तरंगतो त्याची काळजी नको, आत हवा अडकलीय. पाण्यातच हलक्या हाताने दाबा, बुडबुडे निघाले की बसेल खाली. तपकिरी बाजू उजेडाकडे येईल असा रोज फिरवत राहा.
आणि गोल्डफिशपासून लांब ठेवा, ते कुरतडून कुरतडून गोळा विस्कटून टाकतात.

होक्काइदो_रिटर्न
नोकरीनिमित्त जपानात होतो तेव्हा आकान तळ्यावर गेलो होतो, ह्याचं घरच ते. मारिमो म्हणतात तिकडे. हिवाळ्यात अख्खं तळं गोठतं, म्हणजे विचार करा ह्याला किती थंडी लागते. लाटांनी तळाशी लोळून लोळून गोल होतात, काही तर 30 सेंटिमीटरपर्यंत, आणि वाढ वर्षाला जेमतेम 5 मिलिमीटर. 1921 मध्ये त्यांना नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला आणि 1952 मध्ये त्याहून वरचा, तिथून एक गोळा उचलायचीही परवानगी नाही. म्हणून तुमच्याकडचे लिंबाएवढे असतील तर जपा हो, एवढं व्हायला वर्षं लागतात. हाताने धागे वळून केलेलेही विकतात ते वेगळं.

माठवाला
मी अकोल्याचा, तीन उन्हाळे काढलेत ह्याच्यासोबत. मे-जूनमध्ये गोळे टँकमधून काढून काचेच्या बरणीत ठेवतो, बरणी पसरट मातीच्या कुंडीत, कुंडीत ओली वाळू, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडायचं. माठासारखंच गार राहतं. फारच तापलं तर बरणी सरळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, थोडे दिवस काही होत नाही. बर्फ मात्र डायरेक्ट टाकू नका.
वास येणारा गोळा आधी उघडून बघा. मला एका दुकानातून आला होता तो निघाला स्पंजच्या गोळ्यावर दोऱ्याने बांधलेला जावा मॉस, म्हणजे टँकमधली वेगळीच वनस्पती, आत सगळं सडलेलं. खरा असेल तर काळं-तपकिरी काढून टाका, हिरवे धागे धुऊन तळहातावर वळा, सैलसा सुती दोरा गुंडाळा.

गप्पीवाली_नागपूर
सगळ्यांचे खूप आभार!! थर्मामीटर आणला, 33 दाखवतोय, मला कल्पनाच नव्हती. तिसरा उघडला, खराच आहे पण मधोमध काळा पडलेला, हिरवं वाचलं ते सुपारीएवढं, लेकीनेच वळलं. तिन्ही आता बरणीत, वाळूत. काढलेला काळा भाग बागेजवळच्या तलावात टाकला तर चालेल ना?

काचेतलं_तळं
नको ताई, तलावात अजिबात नको, नालीतही नको. 2021 मध्ये अमेरिकेत दुकानातल्या मॉस बॉलमध्ये झेब्रा शिंपले सापडले होते, एवढेसे असतात पण तळ्यात शिरले की पाइप बुजवतात, तेव्हा तिकडे माल परत मागवायला लागला होता. जलपर्णीने आपल्या तलावांची काय गत केलीय ते बघतोच आपण. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, मग कोरड्या कचऱ्याच्या पिशवीत बांधून टाका. सुपारीएवढ्याचा फोटो टाका जुलैत.