यंत्रे आली, मग वेळ गेला कुठे?

मुक्ता
‘वॉशिंग मशीन, मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर घरात असताना गृहिणीला दिवसभर काम कसले असते?’ हे ‘रोखठोक’ यांचे विधान वाचून गप्प बसवत नाही. जोन वॅनेक यांनी १९७४ साली मांडलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेतील पूर्णवेळ गृहिणी १९२४ च्या सुमारास आठवड्याला ५२ तास घरकाम करीत आणि १९६० च्या दशकात ५५ तास. मधल्या काळात वीज आणि यंत्रे घरोघरी पोहोचली होती! कपड्यांवर जाणारा वेळ तर वाढलाच, कारण कपडे वाढले आणि ते वरचेवर धुवायला पडू लागले. कष्ट कमी झाले, हे मान्य. वेळ मात्र स्वच्छतेच्या वाढलेल्या अपेक्षांनी खाल्ला.

रोखठोक
आपण सोयीचे आकडे निवडले आहेत. व्हॅलरी रेमी यांच्या २००९ च्या अभ्यासात केवळ गृहिणी नव्हे, तर कामकाजाच्या वयातील सर्वच अमेरिकी स्त्रिया आहेत. त्यांचा घरकामाचा वेळ १९०० ते १९६५ या काळात आठवड्याला सुमारे ६ तासांनी आणि पुढे २००५ पर्यंत आणखी १२ तासांनी घटला. पाणी तापवून, कपडे आपटून, पिळून माझ्या आजीच्या हातांची सालटी निघत असत. बटण दाबण्याला त्याच पंक्तीत बसवणे हा तिच्या कष्टांचा अपमान आहे.

मुक्ता
खिसे तपासणे, रंग जाणारे कपडे वेगळे काढणे, कॉलर आधी घासणे, वाळत घालणे, घड्या, इस्त्री. यांतले मशीन काय करते? शिवाय रेमी यांनीच त्याच काळात पुरुषांचा घरकामाचा वेळ १३ तासांनी वाढल्याचे दाखवले आहे. तो आकडा आपण का गाळलात?

अनामिका
मिक्सरविषयी कोणी बोलतच नाही. वाटायला दोन मिनिटे लागतात, पण पात्याखाली चिकटलेले काढायला, झाकणाच्या रबराच्या खाचेतला चिकटा ब्रशने घासायला त्याहून अधिक वेळ जातो. घरातले सर्वजण मिक्सर लावतात, धुणारी मात्र मी एकटी.

रोखठोक
मिक्सर मी स्वतः धुतो, त्यामुळे सरसकट आरोप करू नये.

अनामिका
आरोप आपल्यावर नाही. पण भांडे धुण्याची आठवण आपल्याला कोणी करून द्यावी लागते का, एवढे सांगा.

रोखठोक
लागते. तेवढा मुद्दा मान्य करतो. परंतु तो माणसांचा दोष झाला, यंत्रांचा नव्हे.

मुक्ता
माझा आक्षेप यंत्रांवर कधीच नव्हता. यंत्र घरात आहे म्हणून काम उरलेच नाही, असे मानणाऱ्यांवर होता आणि आहे.