भाचीची फिजिओथेरपी: नाशिक विद्यापीठाचं छोटं कॉलेज की पुण्यातलं डीम्ड?

फलटणकर_मामा

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय. नीटला एमबीबीएसएवढे मार्क पडले नाहीत, बीएएमएसचं बघितलं पण तिला मनापासून फिजिओच करायचंय (दाजींना गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला होता, तेव्हा घरी जो मुलगा व्यायाम करून घ्यायला यायचा त्याच्याकडं बघून तिने ठरवलं, त्यामुळं कोर्स बदला असं कृपया कोणी सांगू नका).

तर परिस्थिती अशी. कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) राउंडला एक कॉलेज लागलंय, एमयूएचएसचं म्हणजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं, तालुक्याच्या गावी आहे, बिल्डिंग बरी आहे पण स्वतःचं हॉस्पिटल नाही, गावातल्या दोनतीन खाजगी दवाखान्यांशी टायअप आहे असं ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या. फी दीड लाखाच्या आत. दुसरीकडं पुण्यातलं एक डीम्ड (अभिमत विद्यापीठ) आहे, मोठं हॉस्पिटल, एसी लायब्ररी, सगळं चकाचक, वर्षाला तीन लाख आणि हॉस्टेल मेस वेगळं. त्यांच्यासाठी एक कन्सल्टंट रोज फोन करतोय की सीट संपत आल्या, 50 हजार टोकन टाका, आणि वर म्हणतो डीम्ड म्हणजे युनिव्हर्सिटीची डिग्री, नाशिकची डिग्री बाहेर कोण विचारतं.

बहीण म्हणते दागिने मोडू पण पोरगीला पुण्यातच घालू. दाजींचं किराणा दुकान आहे, आजारपणानंतर निम्म्यावर आलंय. ओबीसी आहोत, नॉन क्रीमीलेअर काढलेलं आहे, जातीची व्हॅलिडिटी पण आहे. मला यातलं काही कळत नाही, मी एसटीत नोकरीला आहे. पण घरात शिकलेला म्हणून सगळे माझ्याकडंच बघतात. चार दिवसांत रिपोर्टिंग करायचंय. पुढच्या राउंडला सरकारी मिळायची आशा धरावी का हेपण सांगा.

अर्ज_भरून_थकलेली

मामा, टोकन टाकू नका!! आधी हे वाचा.

ओबीसी, मुलगी, उत्पन्न आठ लाखाच्या आत. 8 जुलै 2024 चा जीआर शोधा. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मधल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी 100 टक्के माफ, आधी 50 टक्के होती ती 2024-25 पासून पूर्ण केलीय. वैद्यकीय शिक्षण विभागाचे कोर्स त्यात येतात. पण अट अशी की प्रवेश कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोटा किंवा संस्थास्तरावरचा घेतला की गेलं. आणि खाजगी डीम्ड आणि सेल्फ फायनान्स विद्यापीठं त्यातून सरळ वगळलेली आहेत. म्हणजे तुम्ही दीड लाख विरुद्ध तीन लाख असा हिशोब करताय तो चुकलाय, खरा हिशोब शून्याच्या जवळपास विरुद्ध तीन लाख असा आहे. हे तुमच्या त्या कन्सल्टंटला माहिती नसेल असं मला अजिबात वाटत नाही.

हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, जर्नल, अ‍ॅप्रन हे यात येत नाही, ते खिशातूनच. राहण्याखाण्यासाठी ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ती पण बघून ठेवा. फीमाफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा, आणि दरवर्षी रिन्यू करायचा, ते विसरू नका, माझ्या बहिणीचं सेकंड इयरला राहिलं होतं आणि नंतर जे हेलपाटे घातले ते विचारू नका.

अजून एक, काही कॉलेजं म्हणतात आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. तिथं जीआरची प्रिंट टेबलावर ठेवायची, आवाज न चढवता. आमच्याकडे चाललं. शिवाय एमयूएचएसच्या खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या साइटवर कॉलेजवार आकडा असतो, तो आणि कॉलेजने सांगितलेला जुळतो का बघा. डीम्डला हे प्राधिकरण लागू नाही.

इंटर्नशिप_संपली_एकदाची

फीचं वरच्या ताईंनी बरोबर सांगितलं पण मामा मी दुसरी बाजू सांगते कारण मी अगदी तशाच कॉलेजमधून बाहेर पडलेय, एमयूएचएस, छोटं गाव, स्वतःचं हॉस्पिटल नाही, "टायअप आहे". नाव घेत नाही.

आमच्या वेळी साडेचार वर्षांचा कोर्स होता, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. पहिलं वर्ष अ‍ॅनाटॉमी फिजिओलॉजी त्यात काही वाटलं नाही, फक्त बॉडी (चिरफाडीसाठी ठेवलेला मृतदेह) बघायला आम्हाला दुसऱ्या कॉलेजला बसने नेलं, वर्षातून चारदा, आणि चाळीस मुली एका टेबलाभोवती, मागे उभं राहिलेल्याला पुढच्याची वेणी दिसते. खरी गंमत थर्ड इयरपासून. टायअपवाला दवाखाना म्हणजे हाडांच्या डॉक्टरांचं वीस खाटांचं हॉस्पिटल. रोज तेच, गुडघा, कंबर, मान, फ्रोझन शोल्डर. आयएफटी (करंटचं मशीन) लाव, शेकाचं अल्ट्रासाउंड फिरव, मशीनवर दहा मिनिटं टाइमर लाव, पुढचा पेशंट. हे मी शिकले नाही असं नाही, गुडघा मला झोपेत पण येतो. पण न्यूरोचा पेशंट, म्हणजे ताजा स्ट्रोक, स्पायनल कॉर्ड इंज्युरी, जीबीएस (नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात), हे मी फायनल इयरच्या परीक्षेआधी मोजून तीन बघितले आणि परीक्षेत बाहेरच्या एक्झामिनर सरांनी मला पाठवलं कुठे तर न्यूरोच्या केसला. आयसीयूचं तर बोलायलाच नको, चेस्ट फिजिओ (छातीतला कफ काढायचे, श्वासाचे व्यायाम) पुस्तकातून वाचलं, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला हात लावला तो थेट नोकरी लागल्यावर, हात थरथरत होते, सिस्टरनेच शिकवलं खरं तर.

म्हणून विद्यापीठाच्या नावाकडे बघूच नका. एमयूएचएसमध्येच केईएम, सायन, नायर पण येतात आणि माझं कॉलेज पण, पेपर तोच, सर्टिफिकेटवर शिक्का तोच. फरक सगळा पोरगी सकाळी नऊ ते एक कुठल्या वॉर्डात उभी राहते त्याचा. माझी पहिली नोकरी 14,000 ला होती, तिथं कुणी विद्यापीठ विचारलं नाही, तिथल्या एमडी डॉक्टरांनी विचारलं ट्रॅकिओस्टॉमीचा (श्वासासाठी गळ्यात नळी घातलेला) पेशंट हाताळलायस का. मी खोटं हो म्हणाले.

भाचीला घेऊन स्वतः जा, सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी अकराला, न सांगता. ऑफिसात जाऊच नका, सरळ ओपीडीत बाकड्यावर बसा. पेशंट किती आणि अ‍ॅप्रनवाली मुलं किती हे बघा. अ‍ॅप्रन जास्त आणि पेशंट कमी असतील तर उठून या. मग एखाद्या इंटर्नला चहा पाजा आणि विचारा, न्यूरोचं पोस्टिंग किती आठवडे, आयसीयूत पाठवतात का, इंटर्नशिपला स्टायपेंड देतात का उलट तुमच्याकडूनच घेतात.

फलटणकर_मामा

बापरे. जीआरचं आम्हाला कोणीच बोललं नव्हतं. सेतूवाला पण नाही. बहिणीला फोन केला तर ती आधी रडली मग कन्सल्टंटला शिव्या दिल्या. पण मग वरच्या ताईंचं वाचून परत तिथंच आलो, फुकट आहे पण शिकायला पेशंट नाही तर काय उपयोग? दाजींसारखे पेशंटच बघायला मिळणार नसतील तर.

कृष्णाकाठ

मी डीम्डवाला, कराडचा. इथं डीम्ड म्हटलं की लगेच लुटारू असा सूर लागतो म्हणून लिहितोय. कराडचं कृष्णा, लोणीचं प्रवरा, वर्ध्याजवळ सावंगीचं, ही तिन्ही डीम्ड आहेत आणि तिन्ही गावाकडची आहेत आणि तिथली हॉस्पिटलं गच्च भरलेली असतात. आसपासच्या चार तालुक्यांतला शेतकरी, ऊसतोड्या, मोटरसायकलवरनं पडलेला, सर्पदंश, सगळं तिथंच येतं. मी सेकंड इयरला असल्यापासून वॉर्डात होतो. बर्न्सचा पेशंट, नवजात बाळ, सगळं बघितलं. रात्री मेडिसिनचे रेसिडेंट बोलवून दाखवायचे, ए फिजिओ इकडं ये, याचं सक्शन (नळीने कफ ओढून काढणं) कसं करतोय बघ. त्याचे पैसे होतात का? माझ्या मते होतात, वडिलांनी दोन एकर विकलं, तेव्हा मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण शिकलो.

मात्र मामा तुमच्या केसमध्ये मी पण डीम्ड नको म्हणेन. तीन लाख गुणिले चार, वर हॉस्टेल, आणि घरात कमावता माणूस आजारी. कर्ज काढलं तर पहिला पगार हप्त्यातच जाणार, आणि फिजिओचा सुरुवातीचा पगार म्हणजे वरच्या ताईंनी लिहिलाच आहे. एसी लायब्ररीचं म्हणाल तर मी चार वर्षांत तिथं फक्त झोपायला गेलो.

आणि डीम्डची डिग्री बाहेर जास्त चालते हे कन्सल्टंटचं वाक्य बोगस आहे. प्रॅक्टिससाठी दोघांनाही महाराष्ट्राच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिललाच नोंदणी करायची, एकाच रांगेत.

लीड्सवाला

बाहेरचं मी सांगतो. मी एमयूएचएसचा, आता इथे इंग्लंडला एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेत, बँड 5 या सुरुवातीच्या पगारश्रेणीला. यूकेत फिजिओ म्हणून काम करायला एचसीपीसी या संस्थेची नोंदणी लागते. त्यांना विद्यापीठाच्या नावाशी काही देणंघेणं नाही, तुम्ही काय शिकलात, कुठल्या विभागात किती तास काम केलं, हे तपशील हवे असतात आणि कोर्सची माहिती कॉलेजकडून भरून, सही शिक्क्यासकट हवी असते. आमच्या कॉलेजात तो फॉर्म भरून द्यायला माणूसच नव्हता, प्रिन्सिपॉल बदललेले, जुने रेकॉर्ड गोदामात, शेवटी मी सुट्टी काढून भारतात आलो आणि स्वतः बसून सिलॅबस टाइप केला. सात महिने गेले. तेव्हा भाचीला एकच सांगा, पहिल्या दिवसापासून लॉगबुक स्वतःची स्वतः लिही, तारीख, वॉर्ड, तास, कोणाची सही, आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव. अमेरिकेचं विचाराल तर तिथं आता फिजिओची डिग्री डॉक्टरेट लेव्हलची आहे, आपली डिग्री त्याच्याशी ताडून बघतात, बऱ्याच जणांना वर कोर्स करावे लागतात, आणि मग परीक्षा. कुठलंही विद्यापीठ घेतलं तरी त्यातून सुटका नाही.

हातमाग

मामा, विषय थोडा सोडून. कोर्स बदला म्हणणार नाही, पण प्रेफरन्स भरताना शेजारी बीओटीएच म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी पण दिसत असेल. स्ट्रोकच्या पेशंटला चालवणं हे साधारण फिजिओचं, पण त्याच माणसाला परत शर्टाची बटणं लावता येणं, घास तोंडापर्यंत नेता येणं, दुकानात सुट्टे पैसे मोजता येणं, हे आमचं. दाजींच्या दुकानाचं वाचलं म्हणून आठवलं. या विषयाचं देशातलं पहिलं स्कूल 1950 मध्ये केईएमला सुरू झालं आणि ते सुरू केलं कमला निंबकरांनी. तुम्ही फलटणचे, तुमच्याकडे कमला निंबकर बालभवन शाळा आहे ना, त्याच. जन्माने अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या. इतकंच, भाचीला सांगा, पटलं तर पटलं.

सरकारीची आशा धरावी का विचारलंत. सीट अगदी थोड्या असतात, पण पुढच्या राउंडला उभं राहायला काय जातं? फक्त लागलेल्या कॉलेजात रिपोर्टिंग करताना स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म पुढे करतील, तो भरला की हीच सीट कायम आणि पुढच्या राउंडमधून बाहेर. ऑफिसवाले गोड बोलून भरून घेतात. आणि ओरिजिनल मार्कशीट, टीसी डीम्डला नेऊन देऊ नका, अडकली की कॅपला पळापळ होते.

फलटणकर_मामा

अपडेट देतो. काल भाचीला घेऊन त्या कॉलेजला गेलो, एसटीचा पास आहे त्यामुळं माझं भाडं वाचलं. ओपीडीत बाकड्यावर पाऊण तास बसलो. पेशंट सहा, अ‍ॅप्रन एकवीस. त्यातले दोघं मोबाइलवर क्रिकेट बघत होते. इंटर्न पोरगी चांगली निघाली, म्हणाली काका न्यूरोला आम्हाला दोन आठवडे सिव्हिलला पाठवतात, तेवढंच, बाकी कॉलेज वाईट नाही, सर शिकवतात मनापासून. चहा तिनेच पाजला.

तर असं ठरवलंय की रिपोर्टिंग करून सीट हातात ठेवायची, रिटेन्शन भरायचा नाही, आणि पुढच्या राउंडला स्वतःचं हॉस्पिटल असलेलीच कॉलेजं वर टाकायची, लांबची असली तरी. त्यात दोन ठिकाणी भाचीने स्वतःहून बीओटीएच पण टाकलंय. हातमाग ताई/दादा, हे तुमच्यामुळं, बहीण तुम्हाला शोधतेय. पुण्यावरून आज सकाळी परत फोन होता, टोकन 25 हजारावर आलंय म्हणे.

आता फक्त एकच, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा निघाला आणि तलाठी लग्नाला गावाला गेलाय. सोमवारपर्यंत मिळेल का कोणाला अनुभव आहे?

अर्ज_भरून_थकलेली

तलाठ्याची वाट बघत बसू नका, आजच आपले सरकार पोर्टलवर ऑनलाइन अर्ज टाका आणि पावती घ्या. रिपोर्टिंगला जाताना पावती आणि जुना दाखला दोन्ही न्या आणि नवीन द्यायला मुदत मिळेल का ते काउंटरवरच विचारा. आणि प्रिंटआउट दोन काढा, एक ते ठेवून घेतात.