अनुभव धागा: ओक्लाहोमाच्या सॉफ्टबॉलवाल्या मुली, तुम्ही काय पाहिलंत?

लोकहो, अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मनमध्ये राहून बरीच वर्षं झाली, आणि इथल्या युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखा खेळ) टीमबद्दल मराठीत कुणी काही लिहीत नाही याचं वाईट वाटतं, म्हणून हा धागा. पॅटी गॅसो १९९५ पासून कोच आहेत. तेव्हा टीमला स्वतःचं ग्राउंडसुद्धा नव्हतं, गावातल्या रीव्हज पार्कात खेळायच्या, आधी लोकांनी टाकलेले बिअरचे कॅन उचलायचे आणि मग खेळायचं. १९९८ ला मरिटा हाइन्स फील्ड हे स्वतःचं ग्राउंड झालं, २००० ला अमेरिकेतल्या कॉलेज टीम्सच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलमध्ये यूसीएलएला (कॅलिफोर्नियाची युनिव्हर्सिटी) ३-१ हरवून पहिलं टायटल. आणि मग तब्बल १३ वर्षं काही नाही! मला ती १३ वर्षंच सगळ्यात मोठी वाटतात, कारण बाई तिथेच राहिल्या, शिकवत राहिल्या. नंतर २०१३, २०१६, २०१७, आणि २०२१ ते २०२४ सलग चार. एकूण आठ. ग्राउंडवर, टीव्हीवर, कुठूनही पाहिलं असेल तर लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

२०१३ ला मी इथे एमएस करत होतो. २० मे ला शेजारच्या मूरमध्ये टोर्नेडो आला, २४ माणसं गेली. दोन आठवड्यांनी बेस्ट ऑफ थ्री फायनलची पहिली मॅच ओक्लाहोमा सिटीत, आणि रस्ता मूरमधूनच जातो, घरं सपाट झालेली दिसत होती, गाडीत कुणी बोलतच नव्हतं. समोर टेनेसीची टीम. सात इनिंगचा खेळ बाराव्या इनिंगपर्यंत गेला, मग आमच्या लॉरेन चेंबरलेनचा होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखा, बॉल थेट बाहेर), ५-३. शेजारी बसलेल्या अनोळखी आजींनी मला घट्ट धरलं, त्या रडत होत्या, मीपण रडलो.

*

मी अमरावतीची, कॉलेजात पिचर (बॉल टाकणारी) होते. २०१७ च्या फायनलची पहिली मॅच मावसबहिणीने व्हिडिओ कॉलवर टीव्हीसमोर फोन धरून दाखवली, इकडे सकाळ, कुकर लावायचा राहिला. फ्लोरिडाशी १७ इनिंग! सतराव्यात ओक्लाहोमाच्या शे नाइटनने तीन रनचा होमरन मारला, ७-५. पिचिंग करणाऱ्यालाच कळेल की इतक्या वेळानंतर खांद्याचं काय होतं, प्रत्येक बॉलला माझाच हात दुखत होता.

*

ओक्लाहोमाची जोसेलिन अलो. कॉलेज करिअरमधल्या सगळ्यात जास्त होमरनचा रेकॉर्ड तिने २०२२ मध्ये मोडला तो हवाईत, स्वतःच्या घरच्या बेटावर. शेवटी १२२ वर थांबली. माझ्या लेकीच्या कपाटावर अजून तिचा फोटो आहे.

*

ऑस्टिनहून. आम्ही टेक्सासवाले, २०२२ आणि २०२४ दोन्ही फायनल यांच्याशीच हरलो. तरी सांगते, २०२३ ला ६१ जिंकून फक्त एक हरलेली टीम पाहायला मिळाली हे भाग्य. २०२५ ला मात्र टायटल आमचं!

*

ऑस्टिनताई, अभिनंदन, मनापासून :) मी ओक्लाहोमा टीमचं नवं ग्राउंड, लव्ह्ज फील्ड, उघडलं त्या महिन्यात, मार्च २०२४ ला, सासूबाईंना घेऊन गेले होते. त्यांना नियम काही माहीत नाहीत, पण चार हजारांवर माणसं मुलींचा खेळ बघायला आलीत हे पाहून त्या बराच वेळ गप्पच होत्या. निघताना म्हणाल्या, "पुढची मॅच कधी आहे गं?"