मदत हवी आहे: ऑफिसचं इंग्रजी जमतं, घरचं जमत नाही

नमस्कार मंडळी. वय ४३, राहणार नौपाडा, शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी.कॉम. बारा वर्षं घर सांभाळल्यावर मार्चपासून ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये लागले आहे. इनव्हॉइस, रिकन्सिलिएशन, कुणाचं पेमेंट अडकलंय, हे सगळं इंग्रजीतून बिनधास्त बोलते. घोडं पेंड खातं ते सोमवारी. दुपारी दीडला (हिवाळ्यात अडीचला) मँचेस्टरच्या टीमबरोबर कॉल असतो आणि पहिली दहा मिनिटं सगळे घरच्या गप्पा मारतात. तिथे माझी बोबडी वळते. कारण कुकर लावणं, डबा भरणं, नणंदेशी बोलणं हे मी जन्मात कधी इंग्रजीत केलेलंच नाही.

नमुना सांगते. तिकडच्या एका बाईंनी विचारलं, "सो यू डोन्ट लिव्ह विथ युअर हजबंड्स पेरेंट्स?" मी म्हटलं, "यस." म्हणजे हो, बरोबर, नाही राहत! सासूबाई चिपळूणला असतात. पण तेव्हापासून दर सोमवारी मला विचारणा होते, "हाऊ इज युअर मदर-इन-लॉ?" आणि मी सांगते, "शी इज फाइन." दोन महिने झाले, सासूबाई कागदोपत्री आमच्याकडेच राहतात.

दुसरं, कामाच्या मावशी आल्या नव्हत्या म्हणून मी म्हटलं, "माय आँटी डिडन्ट कम, सो आय वॉश्ड द व्हेसल्स." पलीकडे शांतता. सख्ख्या मावशीला भांडी घासायला लावणारी बाई म्हणून माझी ख्याती झाली असणार. गुरुवारी "आय हॅव फास्ट" म्हटलं, तर शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "कुठली, कर्जत की कसारा?"

क्लास लावायला वेळ नाही. जाऊ, नणंद, रोजच्या सवयी, सुटलेल्या सवयी हे साध्या इंग्रजीत कसं सांगायचं? आणि सासूबाईंना परत चिपळूणला कसं पाठवू?

खारी_आणि_चहा: ताई, हसून हसून पुरेवाट. तुमचं 'यस' मराठीत शंभर टक्के बरोबर आहे. आपण 'हो' म्हणतो ते समोरच्याच्या म्हणण्याला. इंग्रजीत यस-नो ठरतं ते वस्तुस्थितीवर. राहत असाल तर यस, राहत नसाल तर नो, मग प्रश्न होकारी असो की नकारी. एकच पथ्य पाळा: नुसतं यस किंवा नो म्हणून थांबायचं नाही, शेपूट जोडायचं. "नो, वी डोन्ट." शेपूट लावताना चूक आपोआप लक्षात येते.

उपवनचा_बगळा: मी बरीच वर्षं शिकवण्या घेतल्या, म्हणून जरा लांबण लावतो. "मी रोज पाचला उठते" हे मराठीत साधा वर्तमानकाळच आहे, तसंच्या तसं न्या: "आय गेट अप अ‍ॅट फाइव्ह." लोक उगाच "आय एम गेटिंग अप" करतात आणि बिघडतं. 'हॅविंग'चं तर फारच जपा. "आय एम हॅविंग टू किड्स" म्हटलंत तर मँचेस्टरहून जुळ्यांसाठी अभिनंदन येईल. "आय हॅव टू किड्स." उपास म्हणजे "आय फास्ट ऑन थर्सडेज." युज्वली क्रियापदाच्या आधी येतं, "आय युज्वली पॅक द लंच," पण अ‍ॅम-इज-आरच्या नंतर, "आय एम युज्वली लेट." सुटलेल्या सवयीला यूस्ड टु: "आय यूस्ड टु वॉक अराउंड तलावपाळी." हे फक्त भूतकाळाला. "आय यूज टु वॉक" असं आजच्या सवयीला म्हणू नका.

आणि सराव गाडीतच करा. ठाण्याहून ऐरोली दुसरंच स्टेशन, तेवढ्यात सकाळ मनात सांगून होते. कणीक मळली, "आय मेड द डो." कुकर लावला, "आय पुट द प्रेशर कुकर ऑन." फोडणी मात्र सोडून द्या. चाळीस वर्षं प्रयत्न करतोय, नीट जमलेली नाही.

माहेर_कळवा: मावशींना "आवर क्लीनर" म्हणा, तिकडे तोच शब्द चालतो. नात्यांचं म्हणाल तर जाऊ, नणंद, वहिनी, मेहुणी सगळ्या एका सिस्टर-इन-लॉच्या गाठोड्यात. को-सिस्टर आपल्याकडेच कळतं. नेमकं सांगायचं तर फोडून सांगा: नणंद "माय हजबंड्स सिस्टर," जाऊ "माय हजबंड्स ब्रदर्स वाइफ." चुलत, मामे, आते, मावस सगळे नुसते कझिन. पुढे ब्रदर-सिस्टर लावायची गरज नाही, ही आणि शी वरून कळतं.

ठाणे_कॉलेज_८९: एवढं काय त्यांच्या कलाने घ्यायचं? आपण 'आउट ऑफ स्टेशन' म्हणतो, त्यांनी शिकावं.

उपवनचा_बगळा: शिकतील हो. पण तोवर ताईंच्या सासूबाईंचं काय?

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार! काल कॉल झाला. गाडीत घोकून गेले होते. गुरुवारचा उपास, क्लीनर, टू किड्स, सगळं सुरळीत पार पडलं. मग धीर करून म्हटलं, "माय मदर-इन-लॉ लिव्हज इन चिपळूण." इथवर व्याकरण चोख. पण त्या बाईंचा चेहरा उतरला आणि म्हणाल्या, "ओह, आय एम सो सॉरी. व्हेन डिड शी मूव्ह आउट?" आता त्यांना वाटतंय मी भांडून सासूबाईंना घराबाहेर काढलं. पुढच्या सोमवारपर्यंत यातून सुटण्यापुरतं एक वाक्य कुणी देईल का?