भारतमातेच्या हाती आधी काय होतं?

वर कुणीतरी लिहिलंय की भारतमाता म्हणजे सोबत सिंह आणि हाती झेंडा, पहिल्यापासून असंच. नाही हो. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ च्या सुमारास, वंगभंगाच्या, म्हणजे बंगालच्या फाळणीच्या, धामधुमीत काढलेलं चित्र बघा. भगव्या वस्त्रातली जोगीणच जणू, चार हातांची. त्यांत पोथी, भाताच्या लोंब्या, जपमाळ आणि पांढरं कापड. म्हणजे विद्या, अन्न, दीक्षा, वस्त्र. शस्त्र एकही नाही! शिवाय मुळात ती 'बंगमाता' होती, भारतमाता हे नाव नंतरचं. मला विचाराल तर तीच जास्त जवळची वाटते. वाराणसीच्या भारतमाता मंदिरात तर देवीची मूर्तीच नाही. गाभाऱ्याच्या जागी संगमरवरात कोरलेला भारताचा नकाशा, डोंगरांच्या उंचवट्यांसकट. १९३६ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.