शब्दचर्चा : धनाग्र नेहमी धनच असते का?

प्रश्न (सांगली) : मी शाळेत विज्ञान शिकवते. ‘ॲनोड’साठी ‘धनाग्र’ आणि ‘कॅथोड’साठी ‘ऋणाग्र’ हे शब्द मुले सहज स्वीकारतात, आणि चमच्याला तांब्याचा मुलामा देण्याच्या प्रयोगापर्यंत कोठे अडत नाही. परंतु जस्त आणि तांबे यांचा डॅनियल घट (रासायनिक क्रियेतून वीज देणारी साधी बॅटरी) समजावताना जस्ताचे टोक ऋण असूनही त्याला ॲनोड म्हणावे लागते, म्हणजे मराठीत ‘हे धनाग्र ऋण आहे’ असे विचित्र वाक्य तयार होते. शब्द चुकला आहे, की माझी समजूत?

उत्तर (सातारा) : समजूत बरोबर आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने ही नावे योजली, तेव्हा त्यांत धन-ऋण हा अर्थच नव्हता. पृथ्वीच्या चुंबकत्वामागे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा विद्युत प्रवाह आहे असे कल्पून, त्याच दिशेने जाणाऱ्या सूर्याचा चढता मार्ग तो ‘ॲनोड’ आणि उतरता मार्ग तो ‘कॅथोड’, असा ग्रीक शब्दांचा आधार त्यांनी घेतला. म्हणजे प्रवाह ज्या टोकातून द्रावणात शिरतो ते पहिले आणि ज्यातून बाहेर पडतो ते दुसरे. बाहेरून वीज देऊन अपघटन (पदार्थाचे विघटन) करताना प्रवाह धन टोकाकडूनच शिरतो, म्हणून तेथे ‘धनाग्र’ चपखल बसतो. घट स्वतः वीज देऊ लागला की द्रावणात प्रवाह जस्ताकडून शिरतो, आणि शब्द उघडा पडतो. ऑक्सिडीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावण्याची क्रिया, मात्र दोन्ही वेळी ॲनोडपाशीच होते.

(जाता जाता : विद्युतभारित कणासाठीचा ‘आयन’ हा शब्दही त्याच वेळचा, अर्थ ‘जाणारा’. उत्तरायणातील ‘अयन’ ज्या धातूपासून आला तो या ग्रीक धातूचा सख्खा भाऊबंद आहे, त्यामुळे ही उसनवारी नात्यातलीच म्हणायची.)

उत्तर (कुपवाड) : आमच्याकडे निकेल चढवण्याचे काम चालते. माल मायनसला आणि निकेलच्या पट्ट्या प्लसला लावायच्या, एवढेच कामगारांना सांगतो. ‘धनाग्र’ तेथे कोणाच्या तोंडी मी ऐकला नाही. गाडीच्या बॅटरीवरची प्लसची खूणही चार्जिंगला लावली म्हणून बदलत नाही.

उत्तर (सातारा) : नेमके तेच. शिशाची बॅटरी वीज देत असताना तिची ऋण पट्टी ॲनोड असते आणि चार्ज होताना धन पट्टी ॲनोड होते. चिन्ह पट्टीचे, नाव त्या वेळच्या क्रियेचे. म्हणून घटाविषयी लिहिताना ‘धन टोक’, ‘ऋण टोक’ म्हणावे आणि क्रियेसाठी ॲनोड, कॅथोड हेच शब्द ठेवावेत, असे माझे मत आहे. ‘ऑक्सिडीकरणाग्र’ सुचवण्याचा मोह मी आवरला आहे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. परीक्षेत ‘धनाग्र’ लिहिणे टळणार नाही, तेव्हा डॅनियल घटाच्या आकृतीत तरी त्याऐवजी ‘ॲनोड, ऋण टोक’ असे लिहून घेईन.